तीस जास्त की अडीचशे?

एप्रिल महिना, दुपारची वेळ. फोंड्यातल्या आमच्या हॉस्पिटलच्या फार्मसीत गर्दी ओसरली होती. वाळपईहून आलेले एक निवृत्त मास्तर काउंटरपाशी आले. त्यांनी दोन खोकी शेजारी-शेजारी ठेवली, वर एक चौकटीची वही ठेवली आणि विचारलं, "बाय, यातलं जोराचं कुठलं?"

दोन्ही खोक्यांवर नाव जवळपास एकच होतं. एकावर इंटरफेरॉन बीटा-१बी, दुसऱ्यावर बीटा-१ए. त्यांच्या लेकीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंचा आजार. पुण्यात नोकरीला असताना तिथल्या डॉक्टरांनी तिला १बी सुरू केलं होतं. २५० मायक्रोग्रॅम, एक दिवसाआड, त्वचेखाली. आता ती गोव्यात परतली आणि आमच्या न्यूरॉलॉजिस्टनी १ए लिहून दिलं. ३० मायक्रोग्रॅम, आठवड्यातून एकदा, स्नायूत.

मास्तर गणिताचे. वहीत हिशेब तयार होता. पंधरवड्यात सात सुया, म्हणजे १,७५० मायक्रोग्रॅम. नव्या औषधाचे त्याच पंधरवड्यात ६०. एकोणतीस पट कमी! आणि खाली लाल पेनाने निर्णयही लिहिलेला: जुनी इंजेक्शनं संपेपर्यंत दोन्ही द्यायची.

ते वाचलं आणि मी काउंटर सहकाऱ्यावर सोपवून मास्तरांना आत खुर्चीवर बसवलं. औषधांच्या दुकानात वजनाच्या आकड्याने फसणारे पुष्कळ भेटतात, पण इतक्या नीटनेटकेपणाने फसलेला माणूस मी पाहिला नव्हता. ऑगस्टमध्ये एखादी पालक बाई पॅरासिटामॉलच्या १२५ आणि २५० च्या बाटल्यांत घोळ घालते ते मी समजू शकते. इथे तर प्रत्येक गुणाकार बरोबर होता.

"मास्तर, मायक्रोग्रॅम सोडा. त्याच्या खालची ओळ वाचा."

त्यांनी चष्मा वर केला. ३० मायक्रोग्रॅमच्या सिरिंजवर ६० लाख आंतरराष्ट्रीय एकक. २५० च्या कुपीवर ८० लाख. त्यांनी लगेच भागाकार मांडला. नव्या औषधाच्या एका मायक्रोग्रॅमला दोन लाख, जुन्याच्या एका मायक्रोग्रॅमला बत्तीस हजार. सहा पटींहून जास्त फरक.

"हे एकक काढतात कसं?"

प्रश्न बरोबर जागी पडला होता. इंटरफेरॉन हे मुळात आपल्याच पेशींचं विषाणूविरुद्धचं प्रथिन. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांना ते सापडलं: निष्प्रभ केलेला फ्लूचा विषाणू लावलेल्या पेशींभोवतालचा द्रव दुसऱ्या पेशींना घातला, तर त्या पेशी विषाणूला दाद देईनात. ताकद आजही तशीच मोजतात. बशीत पेशी वाढवायच्या, औषध घालायचं, मग विषाणू सोडायचा आणि किती पातळ औषधापर्यंत पेशी तगतात ते पाहायचं. प्रथिन किती घातलं यापेक्षा त्यातलं कामाला किती आलं, हे त्यातून कळतं.

मास्तर हसले. "म्हणजे उर्राक आणि फेणी. पेला तेवढाच." दोन्ही काजूचीच दारू, उर्राक सौम्य. स्वतः दारूला शिवत नाहीत, पण सत्तरी तालुक्यात काजूची बागायत आहे.

उदाहरण चांगलं होतं, तरी अर्धंच. उर्राकात पाणी जास्त असतं. इथे दोन्हीकडे प्रथिन जवळजवळ तेच. १६६ अमिनो आम्लांची साखळी. १बी मध्ये सुरुवातीचं एक कमी आणि सतराव्या जागी सिस्टीन या आम्लाऐवजी सेरीन. मोठा फरक आहे तो साखरेचा. १ए चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत बनवतात. त्या पेशी, आपल्या पेशींसारख्याच, साखळीतल्या ऐंशीव्या जागेच्या ॲस्पॅरजिनवर साखरेचा फांद्या फुटलेला गुच्छ जोडतात. १बी ई. कोलाय जिवाणूत बनवतात. त्याच्याकडे ती यंत्रणा नाही, म्हणून प्रथिन उघडंच बाहेर पडतं.

हा गुच्छ स्वतः विषाणूशी लढत नाही. प्रथिनाच्या पृष्ठभागावर पाण्याला नकोसा वाटणारा जो भाग असतो, त्यावर तो पांघरूण घालतो. पांघरूण नसलं की रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे गोळे होतात, आणि गोळ्यात अडकलेला रेणू पेशीपर्यंत पोचून काय करणार? १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १ए वरची साखर एन्झाइमने कापून काढली होती. प्रथिन गोळे होऊन खाली बसू लागलं आणि त्याची ताकद घसरली. म्हणूनच १बी च्या कुपीत मानवी अल्ब्युमिन आणि मॅनिटॉल घालून त्याला सांभाळावं लागतं. शरीरही अशा औषधाला लवकर परकं ठरवतं. त्याला निकामी करणारी प्रतिद्रव्यं १बी घेणाऱ्यांत जास्त आढळतात.

मास्तर स्वतः मधुमेही, त्यामुळे पुढचा प्रश्न ठरलेलाच. नाही हो, ही चहातली साखर नव्हे, आणि दोन-चार मायक्रोग्रॅमने कुणाची शुगर वाढत नाही.

मला वाटलं, झालं. मास्तरांनी मात्र वहीचं पान उलटलं होतं.

"बाय, एककांत धरलं तरी आठवड्याचे जुन्याचे दोनशे ऐंशी लाख होतात. नव्याचे साठ. ही साखर एकोणतीस पटींचे पावणेपाच करते. पावणेपाच राहतातच."

आणि ते खरं होतं. साखरेने सगळा हिशेब मिटत नव्हता. इंटरफेरॉनची ताकद दुप्पट केली म्हणून गुण दुप्पट येत नाही, हे मी सांगितलं. पण १ए चंच आठवड्यातून तीनदा घ्यायचं, जास्त मात्रेचं औषधही बाजारात आहे. मग यांना आठवड्याचं एकच का, याचं उत्तर फार्मासिस्टने द्यायचं नसतं. मी डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर म्हणाले, तिच्या पोटावर आणि मांड्यांवर सुयांच्या जागा लाल होऊन घट्ट झाल्या आहेत, आणि ती मधल्या सुया चुकवत होती. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. फोन स्पीकरवर होता. मास्तरांनी वही मिटली आणि स्वतःच्या मोबाइलवरून लेकीला फोन केला. ती पलीकडून एवढंच म्हणाली, "बाबा, हिशेब तुम्ही करता, टोचून मी घेते."

दोन्ही औषधं एकत्र द्यायची नाहीत, हे त्यांनी लाल पेनानेच लिहून घेतलं. उरलेल्या कुप्या मी परत मागितल्या. नवं औषध दोन ते आठ अंशांत ठेवायचं, गोठवायचं नाही. वाळपईच्या बसला चांगला तासभर लागतो आणि एप्रिलचं ऊन म्हणजे ऊन, म्हणून थर्मोकोलच्या डब्यात बर्फाची पिशवी घातली, ती औषधाला थेट टेकू नये म्हणून मध्ये पुठ्ठा ठेवला आणि घरी वीज गेली तर फ्रीज उघडू नका असं बजावून त्यांना साडेचारच्या गाडीला सोडलं.