भेट, हिस्सा आणि मृत्युपत्र: बडोद्यातल्या समलिंगी जोडप्यांनी सांभाळायचे कागद

प्राप्तिकर कायद्यात ‘नातेवाईक’ कोण, याची एक यादी आहे. नवरा-बायको, भाऊ-बहीण, आईवडील, मुलं, अगदी मेहुणे-मेहुणीसुद्धा त्यात येतात. या यादीतल्या माणसाने तुम्हाला कितीही रक्कम भेट दिली तरी तुमच्याकडून एक पैसा कर घेतला जात नाही. यादीबाहेरच्या कुणी दिली, तर आर्थिक वर्षात सगळ्यांकडून मिळून ५०,००० रुपयांपर्यंत सूट. वीस वर्षं एका छताखाली राहिलेला जोडीदार कायद्याने तुमचा नवरा किंवा बायको होऊ शकत नसेल, तर तो यादीबाहेरचा. १९६१च्या कायद्यात हे कलम ५६(२)(एक्स). १ एप्रिल २०२६पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण मर्यादा आणि यादी तीच राहिली.

या मर्यादेबाबत एक चूक हमखास होते. ५१,००० मिळाले तर वरच्या १,००० वर कर लागेल, असं लोक धरून चालतात. तसं नाही. मर्यादा ओलांडली की सगळे ५१,००० उत्पन्नात धरले जातात.

आता घराचं उदाहरण घ्या. बडोद्यातल्या मांजलपूरला एक फ्लॅट आहे, जंत्रीनुसार म्हणजे सरकारी दरतक्त्यानुसार किंमत ४८ लाख, एका पुरुषाच्या नावावर. त्याला अर्धा हिस्सा आपल्या जोडीदाराच्या नावे करायचा आहे, म्हणजे २४ लाखांचं बक्षीसपत्र. जोडीदाराचं स्वतःचं करपात्र उत्पन्न २० लाख असेल, तर २०२५-२६च्या नव्या करप्रणालीत या २४ लाखांपैकी पहिल्या ४ लाखांवर २५ टक्के आणि उरलेल्या २० लाखांवर ३० टक्के कर लागतो. ते झाले ७ लाख. त्यावर ४ टक्के उपकर धरून ७,२८,०००. शिवाय गुजरातची ४.९ टक्के स्टॅम्प ड्यूटी १,१७,६०० आणि १ टक्का नोंदणी फी २४,०००. हाच हिस्सा नवऱ्याने बायकोला दिला असता तर ७,२८,०००च्या जागी शून्य आलं असतं. पगार तोच, स्लॅब तोच, टीडीएसही त्याच दराने कापलेला. फरक फक्त लग्नाच्या दाखल्याचा, आणि तो दाखला सरकार देत नाही.

हा अन्याय आहे, आणि तो रुपयांत मोजता येतो. म्हणूनच कराच्या अंगाने केलेला युक्तिवाद मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेत एडिथ विंडसर यांचा खटला मुळात कराचाच होता. जोडीदारीण वारल्यावर त्यांना ३,६३,०५३ डॉलर वारसाकर भरावा लागला होता, आणि २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. आपल्याकडे २०१८मध्ये कलम ३७७च्या निकालाने गुन्ह्याचा शिक्का पुसला गेला, पण १७ ऑक्टोबर २०२३ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने लग्नाचा हक्क नाकारला आणि कायदा करणं संसदेवर सोपवलं. जानेवारी २०२५मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. त्यानंतर ऑगस्ट २०२५मध्ये एका समलिंगी जोडप्याने भेटीवरच्या याच कराला आव्हान दिलं, आणि मुंबई उच्च न्यायालयाने ॲटर्नी जनरलना नोटीस काढली. मागणी अगदी नेमकी आहे: नवरा-बायकोला जी सूट मिळते ती आम्हालाही द्या.

बडोद्यात बसून हे लिहिताना आठवतं, की याच संस्थानात सयाजीरावांनी १९०४ साली बालविवाहाला बंदी करणारा कायदा केला आणि १९३१ साली हिंदूंना घटस्फोटाचा हक्क दिला. देशभरच्या हिंदूंना तो हक्क १९५५ साली मिळाला. विवाहाचा कायदा माणसाच्या गरजेनुसार बदलता येतो, याचा पुरावा आपल्याच गावात आहे.

तो बदल होईपर्यंत कागद नीट ठेवणं एवढंच आपल्या हातात आहे.

सुरुवात रोजच्या खर्चापासून. दरमहा ४,५०० रुपये जोडीदाराच्या खात्यात गेले की वर्षाला ५४,००० होतात. हा घरभाड्याचा, किराण्याचा, वीजबिलाचा वाटा असेल तर ती भेट नाही. पण प्रश्न आल्यावर ते दाखवता आलं पाहिजे. यूपीआयच्या शेऱ्यात ‘घरखर्च जून’ असं लिहा, बिलं एका फाइलमध्ये ठेवा. त्याहून बरं म्हणजे घरखर्चाचं वेगळं संयुक्त खातं उघडावं, दोघांनी त्यात आपापला वाटा भरावा आणि घरातली सगळी बिलं तिथूनच जावीत.

मोठी रक्कम द्यायची असेल तर भेटीऐवजी कर्ज द्या. ३०० रुपयांच्या ई-स्टॅम्पवर करार करा. रक्कम, तारीख, परतफेडीची मुदत आणि व्याज असेल तर त्याचा दर त्यात लिहा. व्याज नसलं तरी चालतं. पैसे बँकेतूनच जाऊ द्या, कारण २०,००० किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेतलं तर तेवढाच दंड होऊ शकतो. परतफेडही खरोखर व्हायला हवी. पुढे कर्ज माफ केलंत तर भेटीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

घर घेताना सगळ्यात जास्त काळजी घ्या, कारण तिथली चूक दुरुस्त करायला वर सांगितलेला खर्च येतो. एकाच्या नावावर घेऊन मग दुसऱ्याला हिस्सा देण्यापेक्षा पहिल्याच दस्तऐवजात दोघांची नावं घाला. हिस्सेही टक्क्यांत लिहा: ‘खरेदीदार क्र. १ यांचा हिस्सा ७० टक्के, खरेदीदार क्र. २ यांचा हिस्सा ३० टक्के’. ज्याने जेवढे पैसे घातले तेवढाच त्याचा हिस्सा. टक्के लिहिलेच नाहीत तर हिस्से सारखे धरले जाऊ शकतात. मग ७० टक्के पैसे देणाऱ्याने २० टक्के घर भेट दिलं, असा अर्थ निघू शकतो. दोघी स्त्रिया मिळून घेत असतील तर १ टक्का नोंदणी फी माफ आहे. त्या दस्तात एकाही पुरुषाचं नाव मात्र नको.

कर्ज काढणार असाल तर बानाखत (साठेखत) करण्याआधी बँकेत जा. बऱ्याच बँका सहकर्जदार म्हणून रक्ताचं किंवा लग्नाचं नातं मागतात. बाना म्हणजे इसार देऊन झाल्यावर हे कळलं तर तो बुडण्याची भीती असते. दोघं सहमालक आणि सहकर्जदार असाल, तर जुन्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर प्रत्येकाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते. इथे लग्न विचारत नाहीत.

आरोग्य विम्याच्या हप्त्यावरच्या वजावटीत (१९६१च्या कायद्यात कलम ८०डी) मात्र नवरा-बायको, मुलं आणि आईवडीलच येतात. जोडीदाराचा हप्ता तुम्ही भरलात तर वजावट कुणालाच मिळत नाही, म्हणून ज्याचा त्याने भरावा.

मृत्युपत्र सगळ्यात महत्त्वाचं. ते नसेल तर हिंदू वारसा कायद्याने जोडीदाराला काहीच मिळत नाही, सगळं आई, वडील, भावंडं यांच्याकडे जातं. आणि मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर भेटीचा कर लागत नाही. जोडीदाराला घर द्यायचं असेल तर हाच सगळ्यात स्वस्त मार्ग. स्टॅम्प लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही, तरी सब-रजिस्ट्रारकडे करून घ्याच, कारण भांडण बहुतेकदा बाहेरच्यांकडून नाही तर जन्मघरातूनच येतं. दोन साक्षीदार हवेत. त्यांनी तुमची सही पाहिलेली असावी आणि ते तुमच्यापेक्षा वयाने लहान असलेले बरे. ज्याला मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. प्रत्येक पानावर सही करा. घरच्यांना का वगळलं, ते एका साध्या वाक्यात लिहा. बडोद्यातल्या मालमत्तेसाठी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर न्यायालयाचं शिक्कामोर्तब, सक्तीचं नाही.

नॉमिनी नेमला म्हणजे झालं, हा समज घातक आहे. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक वारसच असतो. शेअरबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये हेच पुन्हा सांगितलं. आयुर्विम्यात २०१५पासून आईवडील, नवरा-बायको आणि मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांच्याच मालकीची होते. जोडीदार नॉमिनी असेल तर त्याला ती वारसांसाठी घ्यावी लागते. म्हणून प्रत्येक पॉलिसीचा, खात्याचा, म्युच्युअल फंडाच्या फोलिओचा नंबर मृत्युपत्रात लिहा.

प्रॉव्हिडंट फंडात अडचण वेगळी आहे. तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडील असतील तर ते ‘कुटुंब’ धरले जातात आणि कुटुंबाबाहेरच्याचं नॉमिनेशन बाद ठरतं. ग्रॅच्युइटीचंही तेच. असं असेल तर जोडीदारासाठीची तरतूद पीपीएफ आणि म्युच्युअल फंडातून करा. तिथे कुणालाही नॉमिनी करता येतं.

संयुक्त खात्यासाठी बँकेत जाताना अर्थमंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ला काढलेल्या सूचनेची प्रत छापून न्या. समलिंगी व्यक्तींना संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कुणालाही किंवा मागे राहिलेल्याला चालवता येईल, असंच उघडा. काउंटरवरच्या माणसाने नातं विचारलं आणि तो नकार देऊ लागला, तर नकार लेखी मागा आणि ती प्रत मॅनेजरच्या टेबलावर ठेवा.