उणे लाखांचं प्रेशर

गावाच्या पाणीपुरवठ्याचं कॉम्प्युटरवर मॉडेल करणारा माणूस दिवसभर करतो काय, तर रेघा जोडतो. पंप, पाइपाचा सी-व्हॅल्यू (तो आतून किती गुळगुळीत ते), माणशी किती लिटर, ही सगळी मंडळी नंतर. आधी ऑटोकॅडवर काढलेल्या पाइपांच्या नकाशातल्या रेघा एकमेकींना खरंच टेकल्यात का ते बघायचं. टेकलेल्या नसतातच. काढणाऱ्या पोराने स्नॅप (टोकाला टोक चिकटवायची सोय) न लावता अंदाजाने रेघ ओढलेली असते, नाहीतर व्हॉल्व्हचं चिन्ह बसवायला ती मधोमध कापून ठेवलेली असते. लांबून जोडलेलं दिसतं, झूम केलं की वीतभर फट.

तापीपट्ट्यातलं तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही. मॉडेल चालवलं आणि गावाबाहेरच्या एका कॉलनीत सगळ्या नोडवर, म्हणजे पाइप जुळतात त्या बिंदूंवर, प्रेशर उणे लाखांत! पाइपांच्या जाळ्याचं गणित करणारं सॉफ्टवेअर म्हणजे एपानेट, त्याचं हे जुनंच आहे. नोड एकटा पडला असेल तर ते एरर २३३ देऊन थांबतं. पण आख्खी कॉलनी आपसात जोडलेली आणि फक्त टाकीपासून तुटलेली असेल, तर एखादी वॉर्निंग देऊन गणित पुढे रेटतं आणि असले आकडे फेकतं. प्रेशर आम्ही पाण्याच्या उंचीच्या मीटरांत मोजतो. खऱ्या पाइपात उणे १० मीटरच्या आसपास निर्वातच होतो, त्याखाली काही नसतं. म्हणजे हा आकडा प्रेशरचा नाहीच, तुटलेल्या जोडाचा.

जोड सापडला. कॉलनीची ११० मिमीची एचडीपीई (प्लास्टिकची) लाइन चौकात नव्या टाकीच्या मेनपासून ४० सेंटिमीटरवर येऊन थांबलेली. साहेब म्हणाले, "टॉलरन्स अर्धा मीटर दे, आपोआप जुळेल." तेवढ्या अंतरातली टोकं सॉफ्टवेअर स्वतःच जोडतं, त्यामुळे जुळतंच. पण गावठाणात धाब्याच्या घरांमधल्या बोळांत जुनी बिडाची आणि नवी प्लास्टिकची लाइन हातभर अंतराने शेजारी शेजारी जाते. अर्धा मीटर टॉलरन्स दिला की सॉफ्टवेअर त्या दोघींचंही लग्न लावून टाकतं. मॉडेल हिरवंगार, साहेब खूष.

मला खटकलं ते वेगळंच. कॉलनीत पाणी येत होतं. पाणी येतच नाही अशी तक्रार नव्हती. वरच्या मजल्यावर चढत नाही एवढीच. त्यावर उपाय म्हणून घरोघरी नळाला मोटर. (जो तो शेजाऱ्याचं पाणी ओढतो आणि वर आम्हालाच प्रेशर विचारतो.) काम झाल्यानंतरच्या नकाशात चौकात इंटरकनेक्शन दाखवलेलं, एमबीत (कामाच्या मोजमाप वहीत) त्याचं मोजमापही.

पहाटे पाणी सोडायच्या वेळी गेलो. मे महिना, दिवसा ४५ डिग्रीत चेंबरमध्ये कोण डोकं घालणार? व्हॉल्व्हमन नानांना चौकातला जोड विचारला. ते चावी खांद्यावरून न उतरवताच म्हणाले, "भाऊ, तठे जोडेलच नही शे. हाई जुनी टाकीनं पानी शे."

मग आम्ही नव्या टाकीचा व्हॉल्व्ह फिरवून पूर्ण बंद केला. नानांनी कॉलनीच्या तोंडाशी चेंबर उघडलं, चावी स्पिंडलवर टेकवली आणि वरचं टोक कानाला लावलं. मलाही लावायला दिलं. लोखंडातून सूंऽ असा आवाज, पाणी चालू. नंतर जुन्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. थोड्या वेळाने आवाज गेला आणि कोपऱ्यावरच्या नळाची धार करंगळीएवढी होत होत थांबली.

ड्रॉइंगमधली फट खरी होती. जमिनीतही तिथेच काम थांबलेलं. कॉलनीची लाइन मागच्या बाजूने बिडाच्या लाइनीला टी मारून जोडलेली, आणि ती टी कुठल्याच नकाशात नाही. मॉडेलमध्ये ती टाकली, चौक तुटलेलाच ठेवला. शेवटच्या नोडवर ५ मीटर आले. केंद्राचं पाणीपुरवठ्याचं १९९९चं मॅन्युअल एकमजली घराला ७ मागायचं आणि दुमजलीला १२. लोक मोटर का लावतात याचं उत्तर त्या ५ मध्ये आहे. टॉलरन्सने जोडलं असतं तर तिथेच १४ दिसले असते आणि आम्ही मोटरवाल्यांना शिव्या देत बसलो असतो.

साहेबांना हे पटलं, पण झालेल्या बिलाच्या कामाला "नाही" कोण लिहिणार? म्हणून त्यांनी चौकातला पाइप मॉडेलमध्ये 'बंद' दाखवायला सांगितला. एपानेटला बंद पाइप आणि नसलेला पाइप जवळपास सारखेच, निकाल तोच. पण उद्या हे मॉडेल उघडणारा तो पाइप एका क्लिकवर चालू करेल आणि कॉलनीला कागदावर १४ मीटर देईल. मी शेऱ्यात "जागेवर जोड नाही" असं लिहिलंय. शेरे कोण उघडून बघतं, हे मला चांगलं माहीत आहे.

आणि याच योजनेत जुनी टाकी जीर्ण म्हणून पाडायची आहे. त्याआधी चौक खोदून ४० सेंटिमीटरचा तुकडा टाकावा लागेल. चौकात नुकताच काँक्रीट रस्ता झालाय, फोडायची परवानगी कोणी द्यायची यावरच सध्या फाइल अडलीय.