जर्मन बातमीतले 'तो म्हणाला' इंग्रजीत कुठे ठेवायचे?

जर्मन वृत्तपत्रातील बातमी इंग्रजीत आणताना माझा सर्वांत जास्त वेळ क्रियापदांच्या रूपांवर जातो, कारण बोलणारा कोण आहे हे जर्मन भाषा कित्येकदा केवळ त्या रूपावरूनच सांगते. दुसऱ्याचे म्हणणे सांगताना वापरल्या जाणाऱ्या 'कोन्युंक्टिव्ह एक' या रूपात 'इस्ट'चे (आहे) 'झाय' होते, 'हाट'चे (त्याच्याकडे आहे, किंवा त्याने केले आहे मधले 'आहे') 'हाबे' होते आणि वाचकाला लगेच कळते की विधान वार्ताहराचे नाही, तो ते फक्त पोहोचवतो आहे. मंत्र्यांचे नाव एकदा आले की पुढचा अख्खा परिच्छेद, 'म्हणाले' पुन्हा न लिहिताही, त्यांच्याच तोंडचा राहू शकतो.

इंग्रजीत या कामासाठी राखून ठेवलेले रूप नाही. तिथे काळ एक पायरी मागे सरकवायचा आणि अधूनमधून बोलणाऱ्याची आठवण करून द्यायची, एवढेच हाती असते. समजा, पूल सुरक्षित आहे, वसंतात त्याची तपासणी झाली आहे आणि तो बंद ठेवणे ही निव्वळ खबरदारी आहे, असे मंत्र्यांचे म्हणणे तीन जर्मन वाक्यांत आले आहे. प्रत्येक वाक्यात 'ही सेड' घातले तर परिच्छेद रटाळ होतो. पहिल्यानंतर कुठेच घातले नाही तर खबरदारीचे वाक्य वार्ताहराचे स्वतःचे मत वाटू लागते. म्हणून मी असे लिहीन: 'द मिनिस्टर सेड द ब्रिज वॉज सेफ. इट हॅड बीन इन्स्पेक्टेड इन द स्प्रिंग, ही अ‍ॅडेड, अँड द क्लोजर वॉज मिअरली अ प्रिकॉशन.' मधल्या वाक्याच्या पोटात ठेवलेले 'ही अ‍ॅडेड' मागचे आणि पुढचे दोन्ही सांभाळून घेते.

'अलेजेडली' (कथितपणे) हा शब्द मात्र मी सहसा वापरत नाही. आपल्या 'म्हणे'त शंकेची जी छटा असते ती 'कोन्युंक्टिव्ह एक'मध्ये नसते. ते तटस्थ रूप आहे आणि वार्ताहराने न घेतलेली शंका अनुवादकाने घेणे मला गैर वाटते. अनेकवचनात 'हाबे'चे 'हाबेन' हे रूप साध्या वर्तमानकाळासारखेच दिसते, म्हणून जर्मन लेखक तिथे एरवी जर-तरच्या वाक्यांत येणारे 'हेटेन' लिहितात. तीही बहुधा व्याकरणाची सोय असते, त्यात अविश्वास किंवा जर-तर शोधू नये. अविश्वास सुचवायचा असेल तर जर्मनकडे दुसरी वाट आहे. 'एर विल निश्ट्स गेझेएन हाबेन' याचा अर्थ आपण काहीच पाहिले नाही असा त्याचा दावा आहे, आणि तिथे इंग्रजीतले 'क्लेम्स' अगदी योग्य बसते.

कोणाचे म्हणणे कोणाच्या नावावर जाते, हा प्रश्न किती गंभीर असू शकतो हे १० नोव्हेंबर १९८८ रोजी बॉनमध्ये दिसले. १९३८ च्या ज्यूविरोधी हिंसाचाराला पन्नास वर्षे झाल्याच्या स्मरणसभेत पश्चिम जर्मनीच्या संसदेचे, म्हणजे बुंडेस्टागचे, अध्यक्ष फिलिप येनिंगर यांनी त्या काळच्या सामान्य जर्मनांचे विचार, ते त्यांचे आहेत अशी पुरेशी खूण न करता, भाषणात मांडले. अनेक श्रोत्यांना ते येनिंगर यांचेच वाटले, काही सदस्य सभागृह सोडून गेले आणि दुसऱ्याच दिवशी येनिंगर यांनी राजीनामा दिला. श्रोते आणि वक्ता एकाच भाषेचे असूनही हे घडले.

त्यामुळे गुन्ह्याच्या किंवा न्यायालयाच्या बातमीत मी ओघाची फिकीर बाजूला ठेवतो. सरकारी पक्षाचे नाव एका परिच्छेदात तीनदा घ्यावे लागले तरी घेतो, कारण मूळ मजकुरात 'हाबे' असलेले कृत्य इंग्रजीत सिद्ध झाल्यासारखे दिसले तर आरोपीवर अन्याय होतो.