कॉकल क्रीक ते साउथ केप बे: टास्मानियाच्या दक्षिण टोकाचा एका दिवसाचा ट्रेक

ऑस्ट्रेलियातला गाडीरस्ता दक्षिणेकडे जिथे कायमचा संपतो ती जागा म्हणजे टास्मानियातलं कॉकल क्रीक. पुढे दक्षिणेला जायचं तर पायीच. रानातून सात-साडेसात किलोमीटर चाललं की साउथ केप बेचा किनारा येतो, आणि तिथून सरळ खाली अंटार्क्टिकापर्यंत नुसतं पाणी. दादा-वहिनी हॉबार्टला असतात. फेब्रुवारीत त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा तिघांनी मिळून हा ट्रेक केला. टास्मानियाला येणारी आपली मंडळी पोर्ट आर्थर, ब्रूनी बेट आणि वाइनग्लास बे बघून परततात. बघावंच ते सगळं. पण हाताशी एक जास्तीचा दिवस असेल आणि पायांना चालायची सवय असेल, तर तो इथे घालवावा असं माझं मत झालंय.

जाऊन-येऊन अंतर साधारण १५ किलोमीटर, चढ किरकोळ, वेळ चार तास. राजगड-तोरणा करणाऱ्यांना हे वाचून हसू येईल. वाट खरंच सोपी आहे, नीट बांधलेली आहे, चुकायची भीती जवळपास नाही. जागा मात्र सोपी नाही. आपल्याकडे पायथ्याला गाव असतं, कुणाच्या तरी ओसरीवर पिठलं-भाकरी मिळते, वेळ आलीच तर गावातली पोरं दोर घेऊन वर येतात. इथे पायथ्याला गावच नाही. फोन लागत नाही, दुकान नाही, आणि हवा तासाभरात उन्हाळ्यातून हिवाळ्यात जाते. त्यामुळे तयारी वाटेकडे बघून करू नका, जागेकडे बघून करा.

हॉबार्टहून सव्वाशेच्या आसपास किलोमीटर आहे, पण दोन तास तरी धरा. आम्ही सकाळी सहाला निघालो. हुऑनव्हिल, गीव्हस्टन, डोव्हर अशी गावं लागतात. हुऑन खोरं सफरचंदांचं. हंगामात रस्त्याकडेला फळांच्या पिशव्या मांडून ठेवलेल्या असतात, शेजारी पैसे टाकायला डबा, माणूस कुणी नाही. फळं घ्यायची तर इथेच घ्या. मेलबर्न-सिडनीहून विमानाने येताना पिशवीत एखादं केळं राहिलं असेल, तर हॉबार्टच्या विमानतळावर टाकून द्यावं लागतं. टास्मानियात ताजी फळं-भाज्या बाहेरून आणता येत नाहीत, आणि वास घेणारे कुत्रे त्यांचं काम चोख करतात. पेट्रोल डोव्हरला भरून घ्या. त्यानंतर फोनच्या रेंजचाही भरवसा नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा.

शेवटचे वीसेक किलोमीटर कच्चा रस्ता आहे. साधी गाडी जाते, फक्त सावकाश. गाडी भाड्याची असेल तर कच्च्या रस्त्यावर विमा लागू आहे का, हे करारात बघून ठेवा, पुष्कळदा नसतो.

रस्ता रिशेर्श उपसागराच्या कडेकडेने जातो. नाव फ्रेंच, कारण आंत्रकास्तो या फ्रेंच दर्यावर्दीची मोहीम १७९२ साली इथे थांबली आणि १७९३ मध्ये परत आली. बेपत्ता झालेल्या ला पेरूझ या दुसऱ्या फ्रेंच दर्यावर्दीला शोधायला ‘रिशेर्श’ आणि ‘एस्पेरांस’ ही दोन जहाजं निघाली होती. ला पेरूझ काही सापडला नाही. पण इथे त्यांनी भाज्यांची बाग लावली, चुंबकीय सुईचे प्रयोग केले, आणि दुसऱ्या खेपेला इथले मूळ रहिवासी असलेल्या लायलुक्वॉनी लोकांबरोबर काही दिवस गुण्यागोविंदाने काढले. जहाजावर पुरुषाच्या वेशात काम करणारी लुईझ जिरार्दँ नावाची बाईही होती. ऐकल्यावर वहिनी म्हणाली, “जहाजभर पुरुषांत ती इतके दिवस राहिली कशी, ते कुणी लिहून ठेवलंय का?” ते मलाही वाचायला आवडेल.

त्यानंतर आले व्हेल मारणारे. १८३० च्या दशकात या उपसागरात व्हेल पकडून त्यांची चरबी उकळायचे तळ होते. सदर्न राइट व्हेल पिल्लं घालायला उथळ, शांत पाण्यात येत, तिथेच त्यांना गाठायचे. कॉकल क्रीकच्या पुलापलीकडे किनाऱ्यालगत याच जातीच्या व्हेलच्या पिल्लाचं ब्राँझचं शिल्प आहे. बघायला फार वेळ लागत नाही, पण ट्रेक आधी करा आणि ते परत आल्यावर बघा.

पुलापलीकडे साउथवेस्ट नॅशनल पार्क सुरू होतं. त्याचा पास लागतो. तो ऑनलाइन आधीच काढून ठेवा, इथे खिडकी वगैरे नाही. खड्ड्याचे संडास आहेत, पण पिण्याचं पाणी घरूनच न्या, माणशी दोन लिटर तरी. वाटेच्या सुरुवातीला एक छोटी टपरीवजा शेड आहे, तिथल्या वहीत नाव, वेळ आणि बेत लिहायचा आणि परत आल्यावर आपल्या नावापुढे तशी नोंद करायची. पण वहीत लिहिलं म्हणजे संध्याकाळी कुणीतरी शोधायला येईल असं समजू नका. घरी किंवा मुक्कामाच्या ठिकाणी कुणाला तरी सांगून निघा: अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळव.

बूट घासून धुतल्याशिवाय पार्कात पाऊल टाकू नका. चिखलातून पसरणारा फायटॉफ्थोरा नावाचा रोग इथल्या झाडांची मुळं कुजवतो, आणि तो पसरवण्यात बुटांचा मोठा हात असतो. सह्याद्रीत वापरलेले बूट भारतातून आणणार असाल तर निघण्यापूर्वीच तळव्यातली लाल माती टोकरून काढा आणि विमानात भरायच्या कार्डावर तसं लिहा. लपवलं तर दंड होतो. खरं सांगितलं तर बहुधा तपासून परत देतात.

पहिला टप्पा निलगिरीच्या रानातला. निलगिरी म्हटल्यावर रस्त्याकडेच्या सरळसोट रांगा डोळ्यांसमोर आणू नका. ही झाडं वेडीवाकडी, सालीच्या लांब पट्ट्या लोंबत असलेली, खाली बँक्सियाची आणि टी-ट्रीची दाट झुडपं. मुळं वाटेवर आडवी आलेली, ओलसर जागी काळा चिखल. पिवळ्या शेपटीचे काळे काकाकुवे डोक्यावरून ओरडत गेले. त्यांचा आवाज बिजागरीला तेल नसलेल्या दारासारखा आहे. पावसाळी दिवसांत इथे जळवा असतात. आम्ही गेलो तेव्हा कोरडं होतं, तरी वहिनीच्या मोज्यावर एक सापडलीच.

मग रान एकदम संपतं आणि ब्लोहोल व्हॅली समोर येते. मला हा पट्टा सगळ्यांत आवडला. दोन बाजूंच्या टेकड्यांमध्ये सपाट, उघडा, पिंगट माळ, आणि त्यावरून लांबवर सरळ गेलेली फळ्यांची वाट. माळावर बटनग्रासचे झुपके आहेत; प्रत्येक लांब काडीच्या टोकाला गोल बोंड. खाली काळी, स्पंजासारखी पीट माती असते. फळ्या तिच्यासाठी आहेत, आपल्या बुटांसाठी नाहीत. फोटोसाठी खाली उतरू नका, पायाचा ठसा वर्षानुवर्षं राहतो. ओहोळांचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं दिसतं. ती घाण नाही, झाडपाल्यातलं टॅनिन आहे.

उघड्यावर वारा लागतो आणि फळ्यांवर साप ऊन खायला येतात. आम्हाला एक भेटला. काळा, चांगला मनगटाएवढा. दादा पुढे होता, त्याने हात वर करून थांबवलं. आम्ही थांबलो, सापाने दोन मिनिटं विचार केला आणि तो गवतात गेला. टास्मानियात टायगर स्नेक, कॉपरहेड आणि व्हाइट-लिप्ड अशा तीनच जाती, तिन्ही विषारी. तिन्हींवर एकच प्रतिविष चालतं, म्हणून ओळख पटवायला जवळ जायची गरज नाही. जाड, लांब पँट घाला. सॅकमध्ये रुंद इलॅस्टिक बँडेजच्या दोन गुंडाळ्या ठेवा. चावलाच तर जखम धुवायची नाही, कापायची नाही. सगळा पाय घट्ट गुंडाळायचा, हलवायचा नाही आणि मदत बोलवायची. फोन लागत नसल्यामुळे मदत बोलवायला पर्सनल लोकेटर बीकन, म्हणजे उपग्रहामार्फत संकटाचा संदेश पाठवणारं छोटं यंत्र, लागतो. हॉबार्टमध्ये तो भाड्याने मिळतो. एका दिवसासाठी कशाला, असं दादालाच वाटत होतं. वहिनीने ऐकलं नाही, आणि तिचं बरोबर होतं.

माळ संपून परत झुडपांत शिरलं की समुद्राची गाज ऐकू येते. दिसत काहीच नाही, नुसती गाज, आणि चालणं आपोआप भराभर होतं. मग वाट अचानक कड्याच्या माथ्यावर येते आणि सगळा उपसागर पायाखाली. डावीकडे साउथ ईस्ट केप, टास्मानियाच्या मुख्य बेटाचं दक्षिण टोक. उजवीकडे पुळणीच्या शेवटी लायन रॉक, बसलेल्या सिंहाच्या आकाराचा खडक. मधे एकामागून एक येणाऱ्या लाटांच्या रांगा. त्या उठवणारे हे चाळिशीच्या अक्षांशातले वारे आहेत. पश्चिमेकडून येताना हजारो किलोमीटर त्यांना अडवायला जमीन नाही. लाटा फुटतात तेव्हा आवाज छातीत जाणवतो. दादा शहाण्यासारखा गप्प बसला, मीही.

इथून फोटो काढून परतणारे बरेच असतात. तसं करू नका. पायऱ्या उतरून खाली जा आणि तास-दीड तास हाताशी ठेवा. वाळूवर केल्प या समुद्री शेवाळाचे चामड्यासारखे जाड पट्टे पडलेले असतात, काही माणसापेक्षा लांब. भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत ऑयस्टरकॅचर आणि हुडेड प्लव्हर हे पक्षी अंडी घालतात, म्हणून उन्हाळ्यात चालायचं ते ओल्या वाळूवरून. कड्यांमध्ये कोळशाचे थर आहेत. आंत्रकास्तोच्या मोहिमेतला वनस्पतिशास्त्रज्ञ लाबियार्दिएर १७९३ मध्ये चालत इकडे आला आणि त्याने इथला कोळसा नोंदवून ठेवला. लायन रॉकच्या पुढच्या कड्याचं नावच कोल ब्लफ.

पोहायचं नाही. गुडघाभर पाण्यातसुद्धा नाही. कोकणच्या समुद्राची सवय असलेल्यांना हे खास सांगते, कारण आपल्याला पाय भिजवल्याशिवाय राहवत नाही. पाणी बर्फासारखं, ओढ जबरदस्त आणि जीवरक्षक कुणी नाही. खडकांवर बसतानाही समुद्राकडे पाठ करू नका. निघायच्या आधी भरती-ओहोटीची वेळ बघून घ्या आणि किनाऱ्यावर ओहोटीला पोचेल असा बेत आखा; भरतीच्या वेळी लाटा वाळू ओलांडून वरपर्यंत येतात.

कड्याच्या आडोशाला बसून आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. चहा थर्मासमधून. या भागात शेकोटीला बंदी आहे. तेवढ्यात पाठीवर मोठाल्या सॅक घेतलेल्या दोन मुली पश्चिमेकडून आल्या, मांडीपर्यंत चिखलाने माखलेल्या. ८५ किलोमीटरचा साउथ कोस्ट ट्रॅक संपवत होत्या. छोट्या विमानाने मेलालूकाला उतरायचं आणि आठवडाभर चालत कॉकल क्रीकला यायचं, असा तो बेत असतो. वहिनीने दशमी पुढे केली. चटणीसकट संपवली दोघींनी, आणि तिखट लागलं का विचारल्यावर मान हलवून दुसरी मागितली.

परतताना ऊन जाऊन पाऊस आला, अर्ध्या तासात गेला, मग पुन्हा ऊन. फेब्रुवारी म्हणजे भर उन्हाळा, तरी माळावर माझी बोटं गारठली होती. म्हणून जलरोधक जॅकेट, लोकरी टोपी आणि एक जादा गरम थर हवाच. सुती टी-शर्ट नको, भिजला की अंगावरच गार पडतो. त्याच सॅकमध्ये सनस्क्रीनही हवं, इथलं ऊन ढगाळ दिवशीसुद्धा भाजतं. डिसेंबर ते मार्च हे महिने बरे. जून-जुलैत दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो. हॉबार्टहून जाऊन-येऊन करायचं तर फार ओढाताण होते.

बरोबर आई-बाबा किंवा लहान मुलं असतील तर त्यांनी एवढं चालायची गरज नाही. व्हेलच्या शिल्पावरून पुढे फिशर्स पॉइंटपर्यंत किनाऱ्याने वाट जाते, जाऊन-येऊन चारेक किलोमीटर. समुद्र त्या बाजूला शांत असतो, पण तिथेही ओहोटी बघूनच निघावं.

अंधाराच्या आत डांबरी रस्त्याला लागा. संध्याकाळ झाली की वॉलबी आणि पॅडीमेलन हे छोट्या कांगारूंसारखे प्राणी रस्त्यावर येतात, आणि पुष्कळ भाड्याच्या गाड्यांचा विमा अंधारानंतर प्राण्याला धडकल्यास चालत नाही. डोव्हरला गरम खायला मिळतं, पण स्वयंपाकघरं लवकर बंद होतात, तेव्हा साडेसातच्या आत पोचा.