राज्य वाङ्मय पुरस्कार: प्रवेशिका भरण्याआधी

मराठी पुस्तकांसाठी राज्य शासन देतं ते स्व. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कार जाहीर झाले की चार दिवस चर्चा चालते: कुणाला मिळाला, कुणाला डावललं, परीक्षक कोण होते. प्रवेशिका कशी भरायची यावर मात्र कुणी बोलत नाही. लेखक म्हणतो, ते प्रकाशक बघतो. प्रकाशक ऐन जानेवारीत प्रदर्शनं आणि संमेलनातल्या गाळ्याच्या धावपळीत असतो. या दोघांच्या मधल्या फटीत बरीच चांगली पुस्तकं पडतात आणि परीक्षकांपर्यंत पोचतच नाहीत.

आधी पुरस्कारांचा पसारा बघू. एकूण पुरस्कार 35. प्रौढ वाङ्मयाचे 22, प्रत्येकी एक लाख रुपये. बालवाङ्मयाचे 6 आणि प्रथम प्रकाशनाचे 6, प्रत्येकी पन्नास हजार. उरलेला एक म्हणजे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी लेखकांसाठी असलेला सरफोजीराजे भोसले बृहन्महाराष्ट्र पुरस्कार, एक लाखाचा. कारभार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाकडे. हे मंडळ 1960 सालचं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. सध्या ते मराठी भाषा विभागाच्या अखत्यारीत येतं आणि कार्यालय प्रभादेवीला रवींद्र नाट्यमंदिराच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे.

पुरस्काराचं वर्ष म्हणजे पुस्तकाचं वर्ष, हे डोक्यात पक्कं हवं. 1 जानेवारी ते 31 डिसेंबर या काळात पहिली आवृत्ती निघालेलं पुस्तक पुढच्या जानेवारीत स्पर्धेला जातं. प्रवेशिका घेण्याचा नेहमीचा काळ 1 ते 31 जानेवारी. निकाल त्यानंतर कित्येक महिन्यांनी लागतो. 2021च्या पुस्तकांचा निकाल डिसेंबर 2022मध्ये आला होता. त्यामुळे ‘2021चा पुरस्कार’ म्हणजे 2021 साली मिळालेला पुरस्कार नव्हे.

आता शीर्षकपानाच्या मागचं पान उघडा. सगळा खेळ तिथे आहे. ‘प्रथमावृत्ती’ हा शब्द, महिना आणि साल या तिन्ही गोष्टी तिथे छापलेल्या असायला हव्यात. पुस्तक डिसेंबरात छापून झालं तरी ‘नवं दिसावं’ म्हणून त्यावर पुढच्या वर्षाचा जानेवारी टाकायची खोड आपल्याकडे जुनी आहे. विक्रीला ते बरं पडत असेलही, पण तसं केलं की पुस्तक एक वर्ष पुढे सरकतं आणि तोपर्यंत लेखक-प्रकाशक दोघंही विसरून जातात. उलटा प्रकारही घडतो. पानावर डिसेंबर छापलेला असतो, पण बांधणीच फेब्रुवारीत होते. मग प्रवेशिकेच्या मुदतीत हातात प्रती नाहीत आणि पुढच्या वर्षी साल जुळत नाही, म्हणजे पुस्तक दोन्हीकडून गेलं. छापायला सोडण्याआधी लेखकाने शेवटचं प्रूफ म्हणून हे एक पान स्वतः मागून घ्यावं. प्रकाशक बदलून निघालेली ‘नवी आवृत्ती’ किंवा सुधारित दुसरी आवृत्ती पहिली ठरत नाही, मजकूर कितीही वाढवलेला असो.

सर्वांत जास्त विचार करायचा तो वाङ्मयप्रकाराच्या रकान्यावर. कविता, कादंबरी, नाटकवाल्यांना अडचण नसते. काव्याला कवी केशवसुतांच्या नावाचा पुरस्कार आहे, कादंबरीला हरी नारायण आपटे, नाटक-एकांकिकेला राम गणेश गडकरी. घोळ सुरू होतो तो गद्यात. वडिलांवर लिहिलेलं पुस्तक चरित्रात जाईल (न. चिं. केळकर पुरस्कार), की लेखकाचं स्वतःचं बालपणच त्यात जास्त असल्यामुळे आत्मचरित्रात (लक्ष्मीबाई टिळक पुरस्कार), की सुटे लेख असल्यामुळे ललितगद्यात (अनंत काणेकर पुरस्कार)? नियम सरळ ठेवा: प्रस्तावना आणि मलपृष्ठ सोडून मधली पन्नास पानं वाचा आणि ती कशाची आहेत ते लिहा. मलपृष्ठावर ‘कादंबरीच्या अंगाने जाणारं आत्मकथन’ असं छापलेलं पुस्तक ज्या रकान्यात टाकाल तिथे उपरंच वाटतं. परीक्षकासमोर त्या प्रकारातली इतर पुस्तकं शेजारी असतात आणि तुलना त्यांच्याशीच होते.

संशोधनाच्या पुस्तकांचं आणखी अवघड. एखाद्या गावाच्या पाणीप्रश्नावरचं पुस्तक पर्यावरणात बसतं, शेतीत बसतं, राज्यशास्त्र-समाजशास्त्रातही बसतं. पर्यावरणाचा पुरस्कार डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा, शेती व पूरक व्यवसायांचा वसंतराव नाईकांच्या नावाचा. पुस्तकात पीकपद्धती, खत, जोडधंदा याबद्दल वापरता येईल अशी माहिती असेल तर शेती. आकडे आणि मुलाखतींमधून गावातली सत्ता उलगडत असेल तर समाजशास्त्र. उपेक्षितांचं साहित्य हा अण्णाभाऊ साठ्यांच्या नावाचा स्वतंत्र प्रकार आहे, पण लेखक वंचित समाजातला आहे एवढ्या कारणाने त्याची कादंबरी किंवा कविता आपणहून तिकडे ढकलू नये. कादंबरी चांगली असेल तर तिने कादंबऱ्यांच्या रांगेत उभं राहावं, असं माझं ठाम मत आहे.

संकीर्ण म्हणजे अडगळ नव्हे. क्रीडाविषयक पुस्तकं याच प्रकारात येतात. कुठेच काही जमत नाही म्हणून ‘संकीर्ण’ लिहून मोकळं होणाऱ्यांची मात्र तिथे गर्दी असते. अनुवाद आणि ‘संपादित/आधारित’ हे दोन प्रकार वेगळे आहेत. मूळ पुस्तकावरून स्वैरपणे लिहिलेलं अनुवादात टाकलं की मुळाशी ताडून बघणाऱ्याला पहिल्याच प्रकरणात फरक दिसतो.

प्रथम प्रकाशनाचे पुरस्कार फक्त सहा प्रकारांत आहेत: काव्य, नाटक/एकांकिका, कादंबरी, लघुकथा, ललितगद्य आणि समीक्षा. पहिलंच पुस्तक इतिहासावर असेल तर ते थेट प्रौढ वाङ्मयाच्या इतिहास विभागात, मुरलेल्या संशोधकांच्या पंगतीत बसणार. नवोदितांचा आणखी एक गोंधळ म्हणजे मंडळाची नवलेखक अनुदान योजना आणि हा पुरस्कार एकच समजणं. अनुदानाला अप्रकाशित हस्तलिखित लागतं, पुरस्काराला छापलेलं पुस्तक.

कागदपत्रं फार नाहीत. नियमपुस्तिका आणि प्रवेशिका विनामूल्य मिळतात. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर ‘नवीन संदेश’ या सदरात, मंडळाच्या संकेतस्थळावर, शिवाय जिल्हाधिकारी कार्यालयात. प्रवेशिका पूर्ण भरून पुस्तकाच्या दोन प्रती जोडायच्या. बंद लिफाफ्यावर पुरस्काराचं पूर्ण नाव, वर्ष आणि ‘साठी प्रवेशिका’ असं ठळक लिहायचं. हे लिहिलं नाही तर पाकीट जिल्हाधिकारी कार्यालयाच्या रोजच्या टपालात मिसळतं, आणि त्या ढिगात दोन पुस्तकांचं पाकीट म्हणजे कुणीतरी साहेबांना पाठवलेली सप्रेम भेट! दोन्ही प्रती कोऱ्या द्या, स्वाक्षरी किंवा ‘सादर भेट’ नको. फॉर्म्याची पानं उलटसुलट तर बांधली गेली नाहीत ना, हे दोन्ही प्रती चाळून बघा. प्रती परत मिळतील हा हिशेब धरू नका.

कुठे द्यायचं यात मुंबईच्या आसपासचे लोक हमखास चुकतात. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर जिल्ह्यातल्यांनी प्रभादेवीच्या कार्यालयात द्यायचं, बाकीच्यांनी आपापल्या जिल्हाधिकारी कार्यालयात. मीरा रोड आणि वाशी ठाणे जिल्ह्यात येतात, वसई-विरार पालघरमध्ये आणि खारघर-पनवेल रायगडमध्ये. पत्त्यात ‘मुंबई’ किंवा ‘नवी मुंबई’ लिहिता म्हणून जिल्हा बदलत नाही. लेखक नांदेडचा आणि प्रकाशक पुण्याचा असेल तर कुणी पाठवायचं हे डिसेंबरातच ठरवा. दोघांनी दोन ठिकाणांहून दोन वेगळ्या प्रकारांत तेच पुस्तक पाठवलं तर निस्तरणार कोण?

मुदत मोजली जाते ती पोचण्याची, टाकण्याची नाही. 30 तारखेला स्पीड पोस्ट केलेलं पाकीट 2 फेब्रुवारीला पोचलं तर पोस्टाची पावती दाखवून उपयोग नाही. जानेवारीत सव्वीस तारखेची सुट्टी असते, त्यात कधी शेवटचा दिवसही सुट्टीला येतो. 2027मध्ये 31 जानेवारीला रविवार आहे. शक्य असेल तर हाताने नेऊन द्या, आणि प्रवेशिकेच्या झेरॉक्सवर आवक शाखेचा तारखेसह शिक्का घ्या. पुढे कधी विचारणा करायची वेळ आली तर हातात तोच एक कागद असतो. मुदतवाढ मिळेल या भरवशावर कुणी थांबू नये.

निकालाच्या यादीत काही पुरस्कारांच्या नावांपुढे ‘शिफारस नाही’ किंवा ‘प्रवेशिका नाही’ असा शेरा दिसतो. शिफारस नाही म्हणजे पुस्तकं आली, पण परीक्षकांना एकही त्या तोलाचं वाटलं नाही. प्रवेशिका नाही याचा अर्थ कुणी पाठवलंच नाही. बालनाट्य, भाषाशास्त्र, शिक्षणशास्त्र अशा कमी पुस्तकं निघणाऱ्या प्रकारांत लिहिणाऱ्यांनी हे शेरे लक्षात ठेवावेत.

शेवटचा शब्द शासनाचा असतो, हेही माहीत असलेलं बरं. 6 डिसेंबर 2022 रोजी 2021चे पुरस्कार जाहीर झाले. त्यात कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या तुरुंगातल्या आठवणींच्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नावाचा अनुवादाचा पुरस्कार होता. सहाच दिवसांत, 12 डिसेंबरला शासन निर्णय काढून तो रद्द झाला, निवड समितीही बरखास्त झाली. मंडळावरच्या काही सदस्यांनी राजीनामे दिले, काही लेखकांनी आपले पुरस्कार नाकारले. परीक्षकांची शिफारस झाल्यावर, यादी छापून आल्यावरही निर्णय फिरू शकतो, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. तेव्हा दुसऱ्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ‘राज्य पुरस्कारप्राप्त’ची पट्टी छापायला टाकण्याआधी प्रकाशकाने वितरण समारंभ होऊन जाऊ द्यावा.