चिकाचा डाग प्रस्थान करत नाही

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातील ज्या जिल्हा परिषद शाळेत माझी बदली झाली, तेथील सहावीच्या शब्दार्थांच्या वह्या पाहून तपासणीला आलेल्या कोणत्याही अधिकाऱ्याने मुलांची पाठ थोपटली असती. समास आखलेला, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ आणि प्रत्येक धड्याखाली तारीख. तोंडी विचारले तरी मुले धडाधड सांगत: विपुल म्हणजे भरपूर, प्रस्थान करणे म्हणजे निघणे, निवास करणे म्हणजे राहणे, ग्रहण करणे म्हणजे घेणे. हे पाठांतर कितपत मुरले आहे ते पाहावे म्हणून एके दिवशी मी धड्यातील वाक्ये बाजूला ठेवायला लावली आणि या शब्दांवर प्रत्येकाने घरातले किंवा शेतातले काही सांगणारे स्वतःचे वाक्य लिहावे, असे सांगितले.

वाक्ये आली ती अशी. ‘आजीने भाजीत विपुल मीठ टाकले म्हणून बाबा जेवले नाहीत.’ ‘माझ्या दप्तरात अर्धी भाकरी निवास करत आहे.’ ‘आईने बाजारातून दोन किलो वांगी ग्रहण केली.’ आणि जिचे वडील केळीच्या गाड्या भरायला जातात, त्या मुलीने लिहिले होते, ‘केळीचा चीक शर्टाला लागला तर डाग प्रस्थान करत नाही.’

वर्ग हसला, ती मुलगी मात्र हसली नाही, कारण तिच्या दृष्टीने तिने काहीच चुकीचे लिहिले नव्हते. डाग निघत नाही हे खरे आहे. केळीच्या पट्ट्यात राहणाऱ्या कोणालाही ते सांगावे लागत नाही. निघणे म्हणजे प्रस्थान करणे, हे तिच्या वहीत लिहिलेले होते. एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवला, क्रियापद कर्त्याप्रमाणे चालवले आणि वाक्य पूर्ण केले. वहीने सांगितले तेवढे तिने निष्ठेने पाळले होते. दोष असेल तर तो त्या ‘म्हणजे’मध्ये आहे, जे दोन शब्दांना एकाच मापाचे ठरवून मोकळे होते.

असे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डिया या अमेरिकी अभ्यासकांनी 1987 मध्ये मुलांच्या शब्दशिक्षणावर लिहिताना शब्दकोश पाहून केलेली अशीच वाक्ये नोंदवली होती. जमिनीची झीज सांगणाऱ्या ‘इरोड’ या क्रियापदाचा एक अर्थ कोशात ‘ईट आउट’, म्हणजे कुरतडून खाणे, असा दिलेला होता. इंग्रजीत बाहेर जेवायला जाण्यालाही ‘ईट आउट’च म्हणतात, म्हणून एका मुलाने ‘आमचे कुटुंब खूप इरोड करते’ असे लिहून टाकले. ते मूल आणि माझी विद्यार्थिनी अगदी एकाच वाटेने गेले आहेत: अर्थ म्हणून दिलेला सोपा शब्दच अनेक अर्थांचा असतो आणि मूल त्यातला आपल्या ओळखीचा अर्थ उचलते.

मी त्या वाक्यावर लाल रेघ मारली नाही. ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिले, लिहिणारीचे नाव न घेता, आणि वर्गाला विचारले, “निघणारे आणखी काय काय असते?” क्षणात फळा भरला. बस निघते, मोर्चा निघतो, साप निघतो, गव्हाला कोंब निघतो, भांड्याची कल्हई निघते, जुना विषय निघतो, सावकाराचे दिवाळे निघते. मग प्रत्येकापुढे ‘प्रस्थान करतो’ हे ठेवून मोठ्याने वाचायला लावले. ‘कोंब प्रस्थान करतो’ म्हटल्यावर सगळ्यांना हसू आले, पण ‘बस प्रस्थान करते’वर दुमत झाले.

पहिला नियम पुढच्या बाकावरून आला: जे जिवंत आहे तेच प्रस्थान करते. मी तो तसाच फळ्यावर लिहिला. त्यावर एका मुलाने, ज्याची आजी दरवर्षी मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला जाते, हात वर न करताच विचारले, “मॅडम, पालखी कुठी जित्ती असते? तिले तं मान्सं नेतात!” आषाढी एकादशीच्या सुमारे महिनाभर आधी मुक्ताईनगरहून पालखी निघते तेव्हा बातमीत ‘पालखीचे प्रस्थान’ असेच छापून येते, हे त्याच्या कानावरून गेलेले होते. नियम मोडला. शिवाय साप जिवंत असूनही बिळातून प्रस्थान करत नाही, ही भर दुसऱ्याने घातली. दुसरा नियम आला: जे लांब जाते ते प्रस्थान करते. तोही फार टिकला नाही, कारण सुट्टीत लांबच्या मामाकडे जाताना ‘मी प्रस्थान करतो’ असे कोणीही म्हणत नाही. भुसावळ स्थानकावर गाड्यांच्या फलकावर आगमन आणि प्रस्थान हे शब्द वाचल्याचे एकीला आठवले. शेवटी जे जमले ते असे होते, की ठरल्या वेळी, ठरल्या ठिकाणासाठी, काही तयारीने किंवा मानाने निघणे, आणि तेही बोलताना नव्हे तर लिहिताना किंवा जाहीर करताना सांगायचे निघणे. ही व्याख्या कोशात शोभेल अशी नाही. पण तिच्यातला प्रत्येक तुकडा मुलांनी एकेक उदाहरण तपासून मिळवला होता, त्यामुळे ती त्यांना पाठ करावी लागली नाही.

या सगळ्या गडबडीत मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून आलेला, पावरा या आदिवासी समाजातला एक मुलगा फळ्याकडे बघत होता. त्याच्या घरी मराठी बोलली जात नाही. त्याने हळूच शेजाऱ्याला विचारले, की दिवाळे निघते म्हणजे कुठून निघते. शेजाऱ्यालाही नीट सांगता येईना. म्हणजे या मुलासाठी अवघड शब्द ‘प्रस्थान’ नव्हताच, अवघड होता तो ‘निघणे’. निघणे, लागणे, पडणे, येणे, राहणे ही क्रियापदे आपण सोपी समजतो आणि धड्याखालच्या शब्दार्थांत ती डावीकडे, अर्थ सांगायचा शब्द म्हणून, येत नाहीत. प्रत्यक्षात भूक लागणे, आग लागणे, नोकरीला लागणे आणि चीक लागणे यांत मराठी ज्याची घरची भाषा नाही त्याने काय समान शोधावे? शाळेला ‘शाया’ आणि डोळ्याला ‘डोया’ म्हणणाऱ्या मुलांना ही क्रियापदे आईच्या बोलीतून आयती मिळालेली असतात, म्हणून ती शिकवायची असतात हे आपल्या लक्षातच येत नाही. त्या दिवसापासून माझ्या यादीत अशा क्रियापदांना पहिली जागा आहे.

हा प्रकार आमच्या केंद्रातील शाळांच्या शिक्षण परिषदेत सांगितला तेव्हा एका ज्येष्ठ गुरुजींनी रास्त प्रश्न केला, “मॅडम, एका शब्दाला अख्खी तासिका दिली तर अभ्यासक्रम कधी पुरा व्हायचा?” त्याचे उत्तर शब्दांच्या निवडीत आहे. गलबत, सुकाणू, शिंपला यांसाठी चित्र दाखवून अर्ध्या मिनिटात पुढे जावे. वस्तू कळली की शब्द कळतो. प्रकाशसंश्लेषणासारखे शब्द त्या त्या विषयाच्या पाठातच शिकवावेत, कारण संकल्पनेवाचून ते पोकळ राहतात. वेळ द्यायचा तो पुरेसा, परिणाम, वगळणे, तुलना, कारणीभूत अशा शब्दांना, जे मराठीत, विज्ञानात, इतिहासात आणि गणिताच्या शाब्दिक उदाहरणांत सारखे भेटत राहतात आणि मूल अडखळते ते बहुधा तिथेच. इझाबेल बेक या अमेरिकी अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजीसाठी शब्दांचे तीन थर मांडले: रोजच्या बोलण्यातले, अनेक विषयांत भेटणारे आणि एखाद्या विषयापुरते. मराठीला ते सहज लावता येतात, फक्त खानदेशात आपल्याला ‘निघणे’, ‘लागणे’चा तो पहिला थरही शिकवण्यात धरावा लागतो.

दुसरी अडचण विसरण्याची. परिपाठात ‘आजचा शब्द’ वाचला जातो आणि खिचडी वाटेपर्यंत तो हवेत विरतो, कारण दुसऱ्या दिवशी नवा शब्द त्याच्या जागी येऊन बसतो. मी परिपाठात त्याऐवजी जुना शब्द परत आणते, आणि तो सांगायचा नसून त्यावर प्रश्न विचारायचा असतो: कोणी प्रस्थान केले, कोण नुसतेच निघून गेले? पहिल्यांदा दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग घटक चाचणीच्या तोंडावर, अशा वाढत्या अंतराने तो विचारला की मुले आठवणीवर जोर देऊन उत्तर काढतात आणि तो जोर लावण्यातच शब्द पक्का होतो.

शब्दार्थांच्या वह्या बंद केलेल्या नाहीत. तपासणीला त्या लागतातच. फक्त उजवीकडच्या रकान्यात आता अर्थाच्या खाली दोन ओळी वाढल्या आहेत, एकीत शब्द शोभणारे वाक्य आणि दुसरीत न शोभणारे. दुसरी ओळ मुले अधिक मन लावून लिहितात. ‘निवास’च्या पानावर दप्तरातल्या भाकरीचे वाक्य त्याच मुलाने न शोभणाऱ्या ओळीत हलवले आहे, आणि शेजारी कंसात लिहिले आहे, ‘भाकरीत मुंग्या असतील तर चालेल का, विचारणे.’