माय! माय!

नजफहून निघालो तेव्हा बरोबरच्या सगळ्या जणी रडत होत्या आणि मी बुटाची नाडी बांधत होते. इराकमधल्या नजफपासून करबलापर्यंत पायी यात्रा, साधारण 80 किलोमीटर. रस्त्याच्या कडेला 1452 खांब, प्रत्येकावर आकडा. चुकामूक होईल म्हणून "पाचशेव्या खांबाला भेटू" असं ठरवून ठेवायचं. सफर महिन्याच्या 20 तारखेला, अरबईनला, म्हणजे इमाम हुसैन यांच्या चाळिसाव्याला, पोचायचं होतं. पैगंबरांचे नातू इमाम हुसैन यांची करबलातली शहादत 61 हिजरीतली, म्हणजे इ.स. 680 ची, पण माणसं अशी रडतात, जणू जनाजा कालच घरातून उठला.

मला रडूच येत नाही. लहानपणापासून मजलिसमध्ये, म्हणजे हुसैनच्या शोकसभेत, ओढणी पार नाकापर्यंत ओढून बसते. दुसऱ्या रात्री मौकिबमध्ये, यात्रेकरूंच्या वाटेवरच्या मुक्कामी, तळपायाचे फोड बघत बसले होते, तेव्हा बरोबरच्या खालांना, मावशींना, सांगून टाकलं.

"मग रडवेलं तोंड तरी कर," त्या म्हणाल्या. "हुसैनसाठी रडणाऱ्याला सवाब, पुण्य, रडवणाऱ्याला सवाब, आणि रडण्यासारखा चेहरा करणाऱ्यालाही. रिवायतच आहे तशी, इमामांपासून सांगत आलेली."

मला ते ढोंग वाटलं. झोपही लागेना. मग वाटलं, सजद्यात कपाळ टेकते तेव्हा तरी मन रोज कुठे वाकलेलं असतं? आधी अंग वाकतं, मन मागून येतं. कधी येतही नाही. कुरआनातल्या सूरह इस्रामध्ये (17:109) आहे की कुरआन ऐकून ज्ञानी माणसं रडत तोंडावर पडतात आणि त्यानं त्यांचा खुशू, मनाची नम्रता, वाढतो. म्हणजे रडून झाल्यावरही आत काही वाढायचं उरतंच.

रडणं म्हणजे सब्र सुटणं, असं म्हणणारे भेटतात. त्यांना याकूब नबी आठवत नसावेत. हरवलेल्या मुलाच्या, यूसुफच्या, दुःखानं त्यांचे डोळे पांढरे झाले, पण गाऱ्हाणं फक्त अल्लाहपुढे. करबलात आजारी असल्यानं वाचलेले हुसैनचे मुलगे इमाम झैनुल आबिदीन पाणी समोर आलं की रडत. आता किती रडाल, असं कुणी विचारलं की याकूबचाच दाखला देत, असं सांगतात.

पाणी. हुसैनच्या तंबूंना 7 मुहर्रमपासून मिळालं नाही, ते या रस्त्यावर अंगावर येतं. वरून चिकटवलेले प्लास्टिकचे छोटे पेले परातीत रचून, परात डोक्यावर धरून पोरं ओरडतात, "माय! माय!" इराकी बोलीत माय म्हणजे पाणी. माझ्या मराठी कानाला पहिले दोन दिवस कुणीतरी आईलाच हाक मारतंय असं वाटत राहिलं.

तिसऱ्या दिवशी पाच-सहा वर्षांची एक मुलगी पेला घेऊन पुढ्यात आली. माझं पोट पाण्यानं डबडबलेलं. छातीवर हात ठेवून नको म्हटलं. ती बाजूनं पळत राहिली, "माय, झायरा, माय," (झायरा म्हणजे यात्रेकरू बाई) आणि चारेक खांबांनंतर तिचा खालचा ओठ बाहेर आला. मी पेला घेतला, आवरण फाडलं, तिच्यासमोर सगळा प्यायले. ती लगेच परातीकडे पळाली.

1452 व्या खांबाशी हजरत अब्बास यांचा सोनेरी घुमट दिसला. फुरात नदीवरून मशक, पाण्याची कातडी पिशवी, भरून निघालेले, तंबूपर्यंत न पोचलेले हुसैनचे भाऊ अब्बास. तो चुरगळलेला पेला अजून माझ्या मुठीत होता. मी ओढणी खाली ओढली. खालांनी माझ्याकडे पाहिलं, विचारलं काही नाही.